वजा एक

तात्या चहा दोन खेपांत घेत. माझ्या दुकानात आले की आधी अर्धा कप बिनआल्याचा, मग आलं ठेचून टाकलेला दुसरा अर्धा. पहिला संपला की डोळे मिटून बसत आणि दुसरा संपला की जाहीर करत, "आल्याचा दीड रुपया." म्हणजे दहा रुपयांच्या चहात साडेआठ रुपये चहाचे, दीड रुपया आल्याचा. समोरचा हॉटेलवाला बिचारा दोनदा रस्ता ओलांडायचा आणि दोन्ही वेळा माझ्याकडे असा बघायचा, की हे सोंग तू कुठून आणलंस.

सोंग मी आणलं नव्हतं, ते आपल्या पायांनी आलं होतं. बारामतीत आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, अब्बांच्या हातचं. तिथे तात्या आपली जळालेली मोटार घेऊन आले. कळंबला राहत. जवळच्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं कॉस्टिंगला होते. अख्ख्या यंत्राला जो खर्च आला त्यातला कुठल्या भागाचा किती, हे शोधणं त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात नाहीतर सोसायटीच्या राजकारणाला. तात्या उरलेल्या जगाचं कॉस्टिंग करायला लागले.

लग्नाला गेले की आधी आचाऱ्याकडे जात आणि फोडणी पडायच्या आतली आमटी वाटीत मागून घेत. आचारी शिव्या घालायचे, पण द्यायचे. एकदा त्यांनी महिनाभर मनगटावरचं घड्याळ कपाटात ठेवलं. महिन्यानंतर म्हणाले, "दोन येष्ट्या चुकल्या आन् एका मयताला उशीर झाला. बाकी काय बिघडलं न्हाय. उगं बांधतो आपन." त्यांचं म्हणणं एकच होतं. वस्तू जोवर आहे तोवर तिची किंमत कळत नाही, ती बंद करून बघायची.

काकू हे सगळं हसून सोसत. मला एकदा म्हणाल्या, "मलाबी बंद करून बघितलं की त्यांनी. लेकीकडं धाडलं पंधरा दिस. परत आले तर शेजारनं भाकरी येत व्हत्या, घर झाडलेलं, देवाला फूल. मी म्हनलं, माजं काय अडलं न्हाय म्हना. तर म्हनले, घराचं न्हाय अडलं, मी चार किलो उतरलो." हे सांगताना त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि तात्या शेजारी बसून गंभीरपणे मान हलवत होते, जणू कुणी त्यांचा अहवाल वाचून दाखवतंय.

आता माझं सांगतो, कारण तात्यांचा खरा कस तिथे लागला.

मोबाइलवरून विहिरीवरची मोटार चालू-बंद करायचा स्टार्टर आमच्याकडे आता शिवारोशिवारी दिसतो. आत सिम असतं, वर्षाला रिचार्ज मारावा लागतो. तो स्टार्टर मी शोधलेला नाही. मी शोधलं ते त्यातलं बोटभर सर्किट, आम्ही त्याला पट्टी म्हणतो. विहीर उपसून संपली की मोटार कोरडी फिरते आणि जळते. ती वेळेत बंद करायची युक्ती जुनी आहे. पण परत चालू कधी करायची? साधा टायमर ठरला वेळ थांबतो. विहिरीत पाणी साठलेलं नसलं तरी मोटार लावतो, साठलेलं असलं तरी खुळ्यासारखा थांबून राहतो. माझी पट्टी विहिरीचा झरा ओळखते. दोन-चार उपशांत तिला समजतं, की हिला भरायला पाऊण तास लागतो आणि तिला दोन. तेवढंच थांबते. जळालेल्या मोटारी उघडत मी लहानाचा मोठा झालो म्हणून हे सुचलं. पेटंट मिळालं तेव्हा अब्बांनी तो कागद फ्रेम करून दुकानात लावला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाइकाला ते बोट लावून माझं नाव दाखवत.

मग एका मोठ्या कंपनीचा स्टार्टर दुरुस्तीला आला. उघडून बघतो तर आत माझीच पट्टी, रंग तेवढा वेगळा. मी हात धुतले, खुर्चीवर बसलो आणि त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

कोर्टात वर्षं गेली. मागच्या खोलीत पट्ट्या जोडायला आठ बायका यायच्या, त्यांतल्या तीन उरल्या. शेवटी कोर्टानं मान्य केलं, की कंपनीनं माझी पट्टी उचलली. आता प्रश्न एकच राहिला, भरपाई किती? आणि त्या आकड्यावर ठरणार होतं, मागची खोली चालू ठेवायची की कुलूप लावायचं.

आमच्या वकीलबाई पुण्याच्या, हुशार आणि तिखट. त्यांनी दुकानात येऊन सांगितलं, कायद्यानं दोहोंपैकी एकच मागता येतं. एक तर तुमचं नुकसान, नाहीतर त्यांचा नफा. नफा मागायचा तर त्यांच्या वह्या त्यांच्याच हातात, त्या सांगतील तो खरा. म्हणून नुकसान. आणि नुकसान मागायचं तर अख्ख्या स्टार्टरवर, असं त्यांचं मत. उलट कंपनी म्हणत होती, की पट्टी बनवायला चाळीस रुपये लागतात, त्या चाळिसातले दोन घ्या आणि गप्प बसा.

तात्या आपल्या मोटारीची वाट बघत कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि मला विचारलं, "संशोधक, आठ बायका व्हत्या तवा वर्साला किती पट्ट्या जोडायच्या?"

मी आकडा सांगितला.

"आन् कंपनीनं किती इकल्या?"

तोही सांगितला.

"मंग तेवढ्या तुला जमल्याच नसत्या. त्येचा नफा बुडाला म्हनून कसा सांगशील? आन् अख्ख्या पेटीचं पैसं मागायचं तर पेटी तुजी न्हाय. त्यातलं आलं तुजं हाय."

मला राग आला. मी म्हटलं, मग चोराला सोडून द्यायचं का?

"सोडायचं कशाला? येवढाच हिशेब. चोरी करायच्या आदी ते तुज्या दारात आलं असतं, चपला काडून, पट्टी दे म्हनून, तर वर्साला काय भाव ठरला असता? तेवढा त्यांनी भरायचा." वकीलबाईंनी चष्मा काढला आणि तात्यांकडे नीट बघितलं. पुढे मला म्हणाल्या, की मोठमोठ्या निकालपत्रांत पाच-पाच पानं खर्चून हेच सांगितलेलं असतं.

फी किती, असं विचारल्यावर तात्या म्हणाले, शेवटी. आधी घेतली की आकडा फुगतो.

त्यांनी पहिलं काम केलं ते माझा दावा कापण्याचं. सणसरला जाऊन आले आणि म्हणाले, तिकडच्या विहिरी कालव्याच्या पाझरानं भरलेल्या, कधी कोरड्या पडत नाहीत, तुझी पट्टी तिथे झोपून असते. कालव्याकडेचे सगळे स्टार्टर शून्य. मी हादरलो. कंपनीचा अर्धा धंदा त्याच भागात होता. मी म्हटलं, तात्या, तुम्ही कुणाच्या बाजूचे? ते म्हणाले, "आकड्याच्या." आणि दुसरा अर्धा कप मागवला.

मग चैत्रात आम्ही निरवांगीला गेलो. नदीपासून लांबच्या माळावरची वीस शेतं त्यांनी निवडली, प्रत्येकाकडे त्याच कंपनीचा स्टार्टर. मी पेटी उघडून माझी पट्टी बंद करायची आणि तिच्या जागी साधा टायमर लावायचा, महिनाभर. कारण कंपनीनं पट्टी चोरली नसती तर टायमरच लावला असता. मग विहिरीवर किती खेपा वाढल्या, किती मोटारी जळल्या, किती सऱ्या कोरड्या राहिल्या, हे सगळं तात्या जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे टिपत. सत्तरी ओलांडलेला माणूस, माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, उन्हातान्हात छत्री धरून शेतोशेत हिंडत होता. शेतकऱ्यांचं जेवढं नुकसान व्हायचं तेवढं त्याच जागी माझ्याकडून देववत होता. एकानं पाव तास जास्त सांगितला तर त्याच्याबरोबर विहिरीपर्यंत चालत जाऊन घड्याळ लावलं. घड्याळाची किंमत त्यांना त्या महिन्यात कळली असावी.

अकरावं शेत एका म्हातारीचं होतं. एकटीच, दोन एकर ऊस, गुडघे गेलेले. मी पेटीला हात घातला तशी ती उठून मध्ये उभी राहिली.

"काडायची न्हाय."

मी समजावलं, आजी, एकच महिना, नुकसान भरून देतो.

"पैसं घिऊन गुडगं येत्यात व्हय? हे यंत्र बसल्यापास्नं मी इहिरीवर जात न्हाय. घरनं आईकते, मोटर लागली, बंद झाली, लागली. काडायची न्हाय."

मी तात्यांकडे बघितलं, म्हटलं आता हे शेत सोडावं. पण तात्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी छत्री मिटली, बाभळीखाली बसले आणि म्हणाले, "आजी, न्हाय काडत. पर समजा, ठेवायची तर वर्साला पन्नास रुपय पडत्याल. द्याल?"

"दीन की."

"शंभर?"

"दीन."

"दोनशे?"

"दीन म्हनलं न्हवं."

असा उलटा सौदा मी जन्मात बघितला नव्हता. विकणारा चढत होता आणि घेणारी अडत नव्हती. तीनशेला तिनं पहिल्यांदा तोंडातली सुपारी थांबवली. साडेतीनशेला बराच वेळ आपल्या गुडघ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दीन." चारशे म्हटल्यावर हात झटकला. "न्हाय परवडत. काडा मंग."

"साडेतीनशे," तात्या म्हणाले.

"ठरलं," म्हातारी म्हणाली.

परत येताना तात्या मागे बसून गुणगुणत होते. म्हणाले, "संशोधक, कंपनीसंगं सौदा झालाच न्हाय, त्यो मनानं धरायचा. ह्यो तर डोळ्यादेखत झाला."

महिन्यानं बाकीच्या शेतांचा हिशेब लागला. पट्टीची किंमत महिन्याला सत्तर रुपये निघाली, वर्षाची आठशे चाळीस. वकीलबाई खूश, मी खूश. तात्यांनी अहवाल लिहायला घेतला. पण त्यांचं जेवण कमी झालं, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मी कळंबला गेलो तर कॅलेंडरची पानं पसरून बसलेले. मला बघून म्हणाले, "म्हातारी खोटं बोललेली न्हाय. मंग ती आठशे चाळीस का न्हाय म्हनली?"

मी म्हटलं, गरीब आहे, नाही परवडत. ते म्हणाले, "गरिबाला जास्ती कळतं."

श्रावणात आम्ही परत निरवांगीला गेलो. तात्या तडक विहिरीवर गेले. विहीर काठोकाठ भरलेली, हात घालून पाणी घ्यावं इतकी. ते काठावर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. म्हातारी ओट्यावरून बघत होती.

तात्यांनी तिला विचारलं, "आजी, तुमी साडेतीनशे कशे काडले?"

"कशे म्हंजी? माघापास्नं जेष्ठापातूर पाच म्हैनं इहीर कोरडी पडती. बाकीचं म्हैनं तुमची पट्टी काय करती? तेचं कशाला दिऊ?"

सत्तर गुणिले पाच. साडेतीनशे. म्हातारीनं सुपारी चघळता चघळता जे केलं ते एकतीस वर्षं कॉस्टिंग केलेल्या माणसाला साधलं नव्हतं. त्यांनी उन्हाळ्यात मोजलं आणि बारांनी गुणलं. पाणी डोळ्यांसमोर असताना माणूस कोरड विसरतो आणि कोरड असताना पाणी, एवढीच ती चूक. तात्या तिथेच म्हातारीला नमस्कार करून म्हणाले, "चुकलो."

मी मात्र त्यांना नमस्कार केला नाही. वाटभर भांडलो. म्हटलं, अहवाल तयार आहे, चूक आपल्या तिघांना माहीत, कंपनीला कळणारसुद्धा नाही. माझ्या पाच बायका घरी बसल्यात. तुम्ही सणसर कापलंत, आता सात महिने कापता, शेवटी मला काय, आल्याचं सालपट? मी मोटारसायकल थांबवून हे सगळं ओरडून बोललो. तात्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुजं आलं चोरलं म्हनून तू दूध मागायचं न्हाय. मागितलंस तर तुज्यात आन् त्यांच्यात फरक फकस्त रकमेचा." मला तेव्हा ते बोलणं मुळीच आवडलं नाही. कळंबला सोडलं आणि चहा न घेता निघून आलो.

आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं ते पुढच्या चैत्रात, म्हातारीमुळे. गुरुवारच्या बाजाराला आली होती, विचारत विचारत दुकानात पोचली आणि बियाण्याच्या रिकाम्या पुडीतून साडेतीनशे रुपये काढून टेबलावर ठेवले.

"हे कशाचे, आजी?"

"वरीस झालं न्हवं? ठरलं व्हतं."

मी सांगितलं, आजी, ते नुसतं विचारलं होतं, खरं नव्हतं. ती माझ्याकडे असं बघायला लागली, की माझीच मान खाली गेली. "त्यो मानूस हिशेबाचा व्हता. त्येनं इचारलं, मी हो म्हनलं. मंग खोटं कंच्या जागी व्हतं?"

मी तात्यांना फोन लावला. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "घे आन् पावती दे. लिव्ह, विहीर भरेपर्यंत थांबल्याबद्दल." मी तसंच लिहिलं. मग म्हणाले, "आता कंपनीच्या दाव्यातनं एक स्टार्टर वजा करावा लागनार. एकाच पट्टीचं दोघांकडनं कसं घ्यायचं?"

हजारो स्टार्टरच्या दाव्यातून त्यांनी एक स्टार्टर वजा केला. वकीलबाईंनी हात जोडले, तात्या, ही ओळ काढा, हसं होईल. तात्यांनी ओळ काढली नाही.

साक्ष मुंबईत झाली. कोर्टानं नेमलेल्या कमिशनरसमोर, लांब टेबलाच्या थंडगार खोलीत. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. कंपनीचा वकील मराठी जाणणारा, सौम्य आवाजाचा, आणि त्याच्यापुढे प्रश्नांची जाड फाइल. त्यानं कालव्याचा प्रश्न काढला, तर कालवा आधीच कापलेला. पावसाळ्याचा काढला, तर पावसाळाही कापलेला. तात्या फोडणीआधीची आमटी पीत असल्यासारखे शांत होते. एकेक पान उलटत तो वकील शेवटी म्हणाला,

"तुमचा साडेतीनशेचा भाव कल्पनेतला आहे. बरोबर?"

"व्हय. सौदा झाला असता तर, असं धरलंय."

"आणि इथे एकूण आकड्यातून एक स्टार्टर वजा दिसतो. ही बेरजेची चूक का?"

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

"चूक न्हाय," तात्या म्हणाले. "त्येचं पैसं मिळालं."

"कुणाकडून?"

तात्यांनी सगळं सांगितलं. बाभूळ, सुपारी, गुडघे, श्रावणातली विहीर, त्यांची स्वतःची चूक आणि गुरुवारचा बाजार. खिशातून पावतीची प्रत काढून दिली. वकिलानं ती वाचली. पुन्हा वाचली.

"त्या बाईंना कुणी पैसे मागितले होते?"

"न्हाय. भाव काय पडंल येवढंच इचारलं. मी समजलो कल्पना. त्या समजल्या ठरलं."

कमिशनर आत्तापर्यंत खाली मान घालून लिहून घेत होते. त्यांनी पावती मागून घेतली आणि कागदांना जोडायला सांगितलं. कंपनीच्या वकिलानं फाइल मिटली. त्या खोलीत मला पहिल्यांदा समजलं, की तात्यांनी दीड वर्ष माझं जे जे कापलं, त्यामुळेच उरलेल्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. मला त्या माणसाची भीती वाटली, देवळातल्या गाभाऱ्यात वाटते तशी.

निकालात भाव साडेतीनशेच धरला. रक्कम वकीलबाईंच्या पहिल्या आकड्याची चौथाईही भरत नव्हती, पण कंपनी देत होती त्याच्या कितीतरी पट होती. पुढच्या वर्षांसाठी कंपनीनं त्याच भावानं करार केला. मागच्या खोलीत पुन्हा आठ बायका येऊ लागल्या. मी पेढे घेऊन कळंबला गेलो आणि फी विचारली. तात्यांनी दिवस मोजले आणि त्यातले अकरा वजा केले. बारांनी गुणून अहवाल लिहिण्यात गेलेले. "चुकीचे दिस तुला कशाला लावू?" मी त्यांच्या पाया पडलो. एरवी मला ते जमत नाही.

तेव्हापासून कंपनी दर वर्षी चालू स्टार्टरची यादी पाठवते आणि मी त्यातला एक वजा करून बिल लावतो. पहिल्या वर्षी तिथल्या मुलीचा फोन आला होता, की सर, तुमच्या बिलात एक कमी पडलाय. मी म्हटलं, बरोबर आहे, तो राहू द्या.

तात्या गेल्या माघात गेले. काकूंना भेटून आलो, त्या म्हणाल्या, "आता ह्ये बंद करून बघायचं राह्यलं व्हतं."

चैत्रात म्हातारी आली. काठी आली होती हातात. समोरून चहा आला, आधी अर्धा कप बिनआल्याचा. हॉटेलवाल्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं इकडेतिकडे बघत विचारलं, "तात्या न्हाय आलं?" मी सांगितलं. तिनं कप टेबलावर ठेवला आणि पुडी काढली. मी म्हटलं, आजी, आता राहू द्या ते पैसे. कंपनीकडून मिळतातच मला. आणि ज्यांच्याशी ठरलं होतं तेही आता नाहीत.

तिनं पुडी उघडली.

"ते गेलं म्हनून भाव बदलतो व्हय?"

साडेतीनशे होते. मी पावतीपुस्तक काढलं आणि लिहिलं, विहीर भरेपर्यंत थांबल्याबद्दल. ती बाजाराला निघून गेल्यावर कंपनीची यादी पुढे ओढली आणि त्यातून एक वजा केला.